आठ माणसांचं घर आणि दोन दिवसांत रिकामे होणारे डबे: घरचा खाऊ कसा पुरवता?

आठजणांचं_घर (धायरी) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

आमचं चौकोनी कुटुंब बघता बघता आठ जणांचं झालं. धाकटी झाली, मग सासू-सासरे बार्शीचं घर बंद करून कायमचे इकडे आले, आणि यंदा दिरांचा मुलगा इंजिनिअरिंगसाठी पुण्यात आला तो अर्थातच आमच्याकडे. थोरला दहावीत, मधला सातवीत, धाकटी अडीच वर्षांची. माणसं वाढली याची तक्रार नाही. सासूबाई लसूण सोलून देतात, मामंजी धाकटीला बागेत नेतात, घर कसं भरल्यासारखं वाटतं. तक्रार डब्यांची आहे.

बिस्किटं, फरसाण, वेफर्स आणि त्या दोन मिनिटांच्या शेवया किराणाच्या बिलात डोळ्यांवर यायला लागल्या, तेव्हा ठरवलं की आता खाऊ घरचाच. शनिवार-रविवार कढईसमोर उभी असते. चिवडा, चकल्या, शंकरपाळे, शेंगदाण्याचे लाडू. सोमवारी डबे गच्च, बुधवारी तळाला चुरा. संध्याकाळी साडेसहाला तिघं मुलगे एकदम घरात शिरतात, एक क्लासहून, एक मैदानावरून, एक कॉलेजातून. बूट पायातच असतात आणि डब्याचं झाकण उघडलेलं असतं. एवढं खाऊन जेवायला बसले की भाजी चिवडत बसायचं आणि दहा वाजता परत "काहीतरी खायला आहे का?"

मी घरून अकाउंट्सची कामं करते. महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आसपास माझ्या डोक्यात जीएसटीशिवाय काही नसतं. नवरा मदत करतो, फक्त त्याच्या मदतीनंतर ओटा दोनदा पुसावा लागतो.

तर विचारायचं असं, की मोठ्या घरांतून हे पूर्वी कसं जमवायचे? आठवडाभर पुरेल असं नेमकं काय करावं? चकल्या पहिल्या दिवशी कुरकुरीत आणि दुसऱ्या दिवशी मऊ का पडतात? शेंगदाण्याचे लाडू पाकातले केले तर असे घट्ट होतात की मामंजी बत्त्याने फोडून खातात. बार्शीहून वर्षाची ज्वारी येते, पण भाकऱ्या काही आठवडे मऊ आणि काही आठवडे चिरा पडलेल्या, असं का होतं? सासूबाईंना शुगर आहे आणि दातही फारसे उरले नाहीत, त्यांच्यासाठीही सुचवा.

"विकत आणा" हा सल्ला नको, तो नवरा रोज देतो.

---

कर्वेनगरची_आजी

अगं, तुझा जीव पदार्थ करण्यात जात नाहीये, डबे भरण्यात जातोय.

मी सदाशिव पेठेत वाड्यात वाढले आणि लग्न होऊन बारा माणसांच्या घरात पडले. दोन दीर कॉलेजात होते, शिवाय एक नणंद. त्या घरात तळणीचा डबा सणापुरता भरायचा. एरवी फडताळात काय असायचं? थालिपिठाची भाजणी, मेतकूट, दाण्याचं कूट, भाजून ठेवलेला रवा, सातूचं पीठ, तूप. यातलं काहीही येता-जाता मूठभर तोंडात टाकता येत नाही, हाच त्याचा मोठा गुण. तुझ्या घरात सगळं तोंडात टाकण्यासारखं आहे, मग राहील कसं?

तुझ्या पोरांची साडेसहाची भूक खाऊची नाहीच, ती जेवणाची आहे. हाताला चकली लागते म्हणून चकली खातात. तिने पोट भरत नाही, पण भूक मोडते आणि पुढचं जेवण बिघडतं. तेव्हा गरम काहीतरी पानात पडलं पाहिजे आणि ते दहा-पंधरा मिनिटांत झालं पाहिजे.

भाजणी सांगते, लिहून घे. ज्वारी एक किलो, बाजरी, तांदूळ आणि हरभऱ्याची डाळ प्रत्येकी अर्धा किलो, गहू, उडदाची डाळ आणि सालीची मुगाची डाळ प्रत्येकी पाव किलो. धणे शंभर ग्रॅम, जिरे पन्नास ग्रॅम. सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र नाही, कारण प्रत्येकाचा वेळ वेगळा. ज्वारीचा एखादा दाणा लाहीसारखा फुटायला लागला की उतरव. डाळी तांबूस झाल्या पाहिजेत आणि उडदाचा वास स्वयंपाकघराबाहेर गेला पाहिजे. तांदूळ मात्र पांढराच राहू दे, मुठीत घेतल्यावर हलका लागला की झालं. धणे-जिरे सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून तापलेल्या कढईत नुसते परतायचे. घाई केलीस, आच वाढवलीस, तर धान्य बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं, मग थालिपीठ घशाशी चिकटतं. एवढ्या भाजणीत पन्नासेक थालिपिठं होतात.

संध्याकाळी कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ आणि घरात असेल ती भाजी किसून घाल. दुधी घातला तर कोणाला कळतसुद्धा नाही. मी तीन दशकं दुधी असाच खपवला. पीठ घट्ट भिजवू नकोस. ओल्या रुमालावर थापायचं, मधे भोकं पाडायची, तव्यावर टाकून भोकांत तेल सोडायचं आणि झाकण ठेवायचं. कडेने चर्र आवाज यायला लागला की उलट. दोन तवे ठेव, म्हणजे तिघांची रांग लागत नाही. वर घरचं लोणी. दोन थालिपिठं खाल्लेला मुलगा चिवड्याच्या डब्याकडे बघत नाही.

सासूबाईंसाठी तांदळाच्या पिठाची उकड कर. आंबट ताकात पीठ कालवायचं, लसूण-मिरची-हिंगाची फोडणी, गुठळी होऊ द्यायची नाही, एक वाफ आणायची. दात लागत नाहीत. शुगरवाल्यांना तांदूळ कमी हवा म्हणतात, तर अर्धं ज्वारीचं पीठ घालून कर, तीही छान होते. धाकटीला गुरगुट्या भात, मेतकूट, तूप. यावर माझी नातवंडं वाढली.

आता तळणीकडे. चकली मऊ पडते ती बहुतेक मोठ्या आचेवर तळल्यामुळे. बाहेरून रंग येतो, आपल्याला वाटतं झाली, आत ओल तशीच. तेल चांगलं तापवून चकल्या सोडायच्या आणि मग आच मध्यम करायची. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबले की काढायच्या, त्याआधी नाही. आणि गार झाल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत, कोमट भरल्या की डब्यातच घाम सुटतो. मोहन वाटीभर भाजणीला एक मोठा चमचा, कडकडीत. जास्त घातलंस तर चकली तेलात हसते आणि सुटी होते, कमी घातलंस तर दगड. तांदूळ जुना घे. इंद्रायणी चिकट, ती भाताला चांगली, चकलीला नको.

लाडवांना पाक कशाला? दाणे खमंग भाजून, सालं पाखडून मिक्सरमधून काढ. किलोला सहाशे-सातशे ग्रॅम चिरलेला गूळ घालून परत एकदा फिरव. दाण्याला तेल सुटतं, त्यावरच लाडू वळला जातो. मामंजींचा बत्ता सुटेल.

एक गोष्ट राहिली. लाडवांचा डबा वरच्या फळीवर. माणशी एक, दुधाबरोबर. माझ्या सासूबाई फडताळाची किल्ली कमरेला लावायच्या, तेवढं करायची गरज नाही.

---

शिफ्ट_संपली (बाणेर)

आजींचं सगळं मान्य, पण मला एक विचारायचंय. आठ माणसांत कढईसमोर एकच का?

माझ्याकडे पाच माणसं आहेत आणि मी सकाळी साडेसातला कंपनीच्या बसमध्ये असते. भाजणी मी घरी भाजत नाही. आमच्या सोसायटीजवळ महिला बचत गट आहे, त्यांच्याकडून भाजणी, मेतकूट आणि नाचणीचं सत्त्व घेते. ते काही "विकत" या सदरात धरू नका, त्यासुद्धा घरीच करतात, फक्त घर त्यांचं असतं. चकल्या तर मी वर्षातून एकदाच करते, दिवाळीत, तेही आईला फोन लावून स्पीकरवर ठेवून.

पण थालिपीठ माझा मुलगा करतो. तो नववीत आहे. पहिल्यांदा भारताच्या नकाशासारखं झालं, श्रीलंकेसकट. आता गोल होतं. तुमच्याकडे तर दहावी, सातवी आणि इंजिनिअरिंग असे सहा हात आहेत. साडेसहाला भूक ज्यांना लागते त्यांनी साडेसहाला पीठ भिजवावं. पीठ तुम्ही द्या, परात ते घेतील.

खर्चाचाही विचार करा. तळणीचं तेल, गॅस आणि तुमचा शनिवार-रविवार, यांतला शेवटचा खर्च कोणी बिलात लिहीत नाही. अकाउंट्सवाल्या आहात म्हणून म्हटलं.

---

गिरणीवाला (सिंहगड रोड)

नमस्कार ताई. माझी पिठाची गिरणी आहे, वडिलांच्या वेळेपासून. खायचं या सगळ्यांनी सांगितलं, मी दळायचं सांगतो, कारण अर्धे पदार्थ गिरणीत बिघडतात आणि नाव सुगरणीचं खराब होतं.

भाजणी आणली की आधी विचारायचं, "आत्ता कशावर दळताय?" जात्यात आणि पिशवीत मागच्या दळणाचं पीठ थोडं राहतंच. चकलीची भाजणी गव्हावर दळली तर गव्हाचा चिकटपणा आत येतो. ती तांदळावर किंवा हरभऱ्यावर दळायची. थालिपिठाच्या भाजणीला एवढं सोवळं नाही, ती ज्वारीवर चालते. उपवासाची भाजणी असेल तर लोक सकाळी पहिलं दळण धरतात. दिवाळीच्या आधी आम्ही भाजणीची वेळच वेगळी ठेवतो, तेव्हा गव्हाचे डबे बाहेर रांगेत उभे असतात आणि मालकिणी माझ्यावर डाफरत असतात.

दुसरं म्हणजे जात्याला टाकी लावली का ते विचारा. दगड गुळगुळीत झाला की छिन्नीने टाकी लावतात. त्यानंतरचं पहिलं दळण दाताखाली कचकचतं. आम्ही आधी कोंडा किंवा हलकं धान्य दळून काढतो, तरी त्या दिवशी लाडवाचं बेसन आणू नका. आणि लाडवाचं बेसन आणाल तेव्हा "रवाळ" असं सांगा. न सांगता दिलंत तर भज्यांचं बारीक पीठ मिळतं आणि लाडू टाळूला चिकटतो.

भाकरीचं म्हणाल तर ज्वारीचा दोष नाही. बार्शीकडचा शाळू आहे ना, मग प्रश्नच नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो. पीठ ताजं असेपर्यंत त्याला विरी, म्हणजे थापताना धरून राहायचा गुण असतो, जुनं झालं की विरी जाते आणि भाकरीला कडेने चिरा पडतात. तुम्ही बहुतेक महिन्याचं एकदम दळून नेत असाल. आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. तरीही शेवटी पीठ उरलं तर उकळतं पाणी घालून, थोडं झाकून ठेवून मळा, म्हणजे भाकरी थापता येते. बाजरीचं पीठ तर त्याहून कमी दिवसांचं, तिच्यात तेलाचा अंश पाच टक्क्यांच्या आसपास असतो म्हणून ते लवकर कडू पडतं. थंडीत बाजरी घ्या आणि आठवड्यापुरतीच दळा.

नाचणी धुऊन आणत असाल तर खडखडीत वाळवून आणा. किंचित ओल राहिली की दगडाला पीठ बसतं, मग दगड उघडून साफ करावा लागतो आणि मागची रांग आम्हाला शिव्या देते.

पीठ घरी नेल्यावर लगेच झाकण लावू नका. गिरणीतून पीठ गरम निघतं. कागदावर पसरा, गार झालं की भरा. भाजणीला वास येतो, जाळी धरते, ती पुष्कळदा याच कारणाने.

धान्य एकदम घ्यायचं असेल तर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागात जा. आठ माणसांना तिथला फेरा परवडतो. डाळी, दाणे, खोबरं, डिंक सगळं एका चकरेत होतं.

---

आहारवाली (कोथरूड)

मी आहारतज्ज्ञ आहे. दोनचार मुद्दे घालते, कारण धाग्यात लहान मूल आणि मधुमेह दोन्ही आहेत.

आजी म्हणतात ती साडेसहाची भूक जेवणाची आहे, याला आकडेही साक्ष देतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यानुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २११० किलोकॅलरी लागतात. १३ ते १५ वर्षांच्या मुलाला २८६० आणि १६ ते १८ वर्षांच्या मुलाला ३३२०. म्हणजे तुमचे दोन मोठे मुलगे त्यांच्या वडिलांपेक्षा जास्त खाणारच, त्यात खादाडपणा काही नाही. वडील टेबलावर बसून काम करत असतील तर त्यांनी मुलांच्या पानाकडे बघून वाढून घेऊ नये, एवढंच.

थालिपिठाबरोबर दही किंवा ताक द्या. उसळ उरली असेल तर तीच थालिपिठाच्या पिठात मळा. डाळ-धान्य एकत्र असलं की प्रथिनांचा दर्जा सुधारतो, त्या दृष्टीने भाजणी ही अगदी विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. वाढत्या मुलांना ती लाडवातून, आंबिलीतून, भाकरीतून कशीही पोटात गेली तरी चालेल.

सासूबाईंचं लक्षात ठेवा, की गूळ म्हणजे साखर नाही असं आपल्याकडे समजतात, पण रक्तातल्या साखरेला तो फरक फारसा कळत नाही. "गुळाचाच आहे" म्हणून दोन लाडू देऊ नका. त्यांना फोडणीची भाकरी ताक शिंपडून मऊ करून द्या, किंवा मुगाचं धिरडं. त्यांची औषधं आणि जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारून जुळवा.

धाकटी अडीच वर्षांची आहे, तिच्या हाताला अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा चिवड्यातले दाणे लागू देऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलांच्या श्वासनलिकेत ते अडकू शकतात. कूट चालतं, मऊ लाडूही चालतो. घरात तीन मोठे मुलगे चिवडा सांडत फिरत असतील तर ही जास्त काळजीची गोष्ट आहे.

---

आठजणांचं_घर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. एवढं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं.

आजी, भाजणी केली. भाजायला सासूबाई खुर्ची टाकून बसल्या आणि उलथनं माझ्या हातातून काढूनच घेतलं. त्यांना हे काम बसून करता येतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की त्यांनीच कधी सांगितलं नव्हतं कोण जाणे. त्यांनी भाजणीत मूठभर मेथ्या घातल्या आणि मुगाऐवजी मटकी घ्यायला लावली, "आमच्याकडं असंच असतंय." चवीला फारच उतरली. तुमच्या प्रमाणात ढवळाढवळ झाली, रागावू नका.

शिफ्ट_संपली, तुमचा "बिलात न लिहिलेला खर्च" मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तिघांना वार वाटून दिलेत. पुतण्या सोमवार-गुरुवार, थोरला मंगळवार-शुक्रवार, मधला बुधवारी नुसता कांदा चिरतो आणि रडतो. पुतण्याला चांगलं जमतं, त्याच्या आईने शिकवलंय म्हणे, आणि इतके महिने हा मुलगा माझ्याकडे पाहुण्यासारखा बसून खात होता! शनिवारी नवरा. त्याने थालिपीठ जाड थापलं, ते आतून ओलं राहिलं, तर त्याला "नव्या पद्धतीचं" असं नाव दिलं.

शेंगदाण्याचे लाडू बिनपाकाचे झाले. मामंजींनी बत्ता परत खलात ठेवला.

धाकटीचं वाचून चिवड्यातले दाणे आणि डाळं सध्या बंदच केलं. नुसते पातळ पोहे, खोबरं, कढीपत्ता, मिरची. मधला म्हणतो हा चिवडा विधवेसारखा दिसतो. असं बोलू नये म्हणून सांगितलं, हे शब्द शिकतो कुठून?

आता दोन छोट्या शंका. आजी, मी म्हशीचं दूध घेते, साय साठवून आठवड्याला तूप कढवते. बेरी उरते ती टाकवत नाही, काय करू? आणि शंकरपाळे मैद्याऐवजी कणकेचे केले तर वातड होतात, त्याला काही उपाय?

गिरणीवाले दादा, तुमची गिरणी सिंहगड रोडला नेमकी कुठल्या बाजूला आहे ते इथे विचारत नाही, पण बुधवार-गुरुवारी चकलीची भाजणी हरभऱ्यावर दळून मिळेल का अशी आमच्या जवळच्या गिरणीत चौकशी करायची तर नेमकं काय आणि कधी विचारू?

---

कर्वेनगरची_आजी

रागावते कशाला? मटकीची भाजणी छानच लागते. भाजणी म्हणजे घरात जे धान्य असेल ते. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी घरात कोणी खाईना, तर माझ्या आईने ती भाजणीत घालून संपवली. वर लसणाची चटणी भरपूर वाढायची, म्हणजे कोणी बोलायचं नाही. सासूबाईंना विचार, सोलापूरकडे तर त्यांनी ते दिवस माझ्याहून जास्त बघितले असतील.

बेरी टाकायची? काहीतरीच. गरम असतानाच तिच्यात थोडी पिठीसाखर घालून मुलांना दे, खरवडायला भांडण होतं. नाहीतर पोळीच्या कणकेत मळ, पोळ्या खुसखुशीत होतात. शंकरपाळ्यांतही घालता येते. आणि तूप कढवताना लोणी जास्त तांबूस होऊ देऊ नकोस, बेरी जळली की तिची चव गेली. दाणेदार तूप हवं असेल तर तळाला बदामी रंग दिसला की गॅस बंद, बाकीचं काम भांड्याच्या उष्णतेवर होतं.

शंकरपाळ्याला एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप, हे जुनं प्रमाण. साखर विरघळेपर्यंत गरम करायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. त्यात मावेल तेवढं पीठ, पण ते अर्धी कणीक, अर्धा मैदा आणि मूठभर बारीक रवा असं घे. नुसत्या कणकेचे हवे असतील तर रवा वाढव आणि पीठ फार मळत बसू नकोस, जितकं मळशील तितके वातड होतील. तासभर झाकून ठेवून लाटायचे आणि मंद आचेवर तळायचे. तळताना फोनवर बोलायचं नाही.

आमच्या लहानपणी सुट्टीत घरून रवा-मैदा-तूप-साखर देऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणायचे. पत्र्याचा डबा डोक्यावर घेऊन भाऊ यायचा आणि वाटेत चार कमी व्हायच्या, म्हणून आई मोजून घ्यायची. अजून एखादी जुनी बेकरी असं करून देत असेल तर पोरांनाच पाठव.

---

शिफ्ट_संपली (बाणेर)

मधल्याला कांदा चिरायला देताय तर आधी अर्धा तास कांदा फ्रीजमध्ये ठेवायला सांगा, रडणं कमी होतं. नाहीतर गॉगल. आमच्याकडे पोहायचा गॉगल लावून चिरतात, फोटो काढून आजोबांना पाठवतात.

---

गिरणीवाला (सिंहगड रोड)

ताई, नेमकं असं विचारा: "हरभरा कधी दळताय? त्याच्यामागे माझी चकलीची भाजणी घ्याल का?" बस. गिरणीवाल्याला कळतं की बाई जाणकार आहे, मग तो तुमची भाजणी गव्हात ढकलत नाही. डबा देताना वर चिठ्ठी लावा, "चकली भाजणी, बारीक". नुसती "भाजणी" लिहिलीत तर पोरगा थालिपिठाची समजून जाडसर काढतो, आणि जाडसर पिठाची चकली सोऱ्यातून तुटत तुटत पडते.

भाजणी भाजल्यावर पूर्ण गार करून आणा. काही जणी गरम डबा तसाच आणतात.

आणि बुधवारीच द्या, संध्याकाळी सातच्या आत. गुरुवारी आमच्या भागातल्या बहुतेक गिरण्या बंद असतात.